शेवटच्या पट्ट्याचा कच्चा टाका

एकोणीसशे त्रेसष्ट साल. मी चौतीस वर्षांचा होतो. तोवर जमिनीपासून सगळ्यात उंच कुठे गेलो असेन तर नंदीच्या डोंगरावर, तेही पायऱ्यांनी.

मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षर वडिलांच्या मापाच्या वहीवरून गिरवलं. हे लिहितोय ते बघून नात म्हणाली, "आजोबा, मी नीट करून देते." मी म्हटलं, नको. माझी शिवण मी कुणाकडून उसवून घेत नाही.

आम्ही शिंपी. पूर्वज कधी आणि कुठून आले ते देव जाणे, पण बेंगळूरच्या चिक्कपेटेत आमच्या चार पिढ्यांच्या सुया बोथट झाल्या. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कन्नड. वडिलांच्या दुकानात एक रीत होती. एका घरचे दहा कपडे शिवायला आले, तर नऊ पुरते शिवायचे आणि दहाव्याची एक शिवण पांढऱ्या दोऱ्यानं कच्ची घालून ठेवायची. गिऱ्हाईक यायचं, तो कपडा घालून बघायचं आणि मग त्याच्यासमोर ती शिवण पक्की करायची. "काम संपलं असं आपण म्हणू नये," वडील म्हणायचे. "घालणाऱ्यानं म्हणावं." माझ्या हाताला ती रीत इतकी बसलेली की झोपेतही मी दहाव्याला पांढरा दोरा घातला असता.

वडील गेल्यावर दुकान चाललं नाही. विमानतळाच्या रस्त्याला एक खाजगी वर्कशॉप होतं, विमानांच्या खुर्च्या नव्यानं शिवून देणारं. आता त्याची भिंतही उरलेली नाही. तिथं मी लागलो. गाद्या, खोळी आणि कमरेचे पट्टे हे माझं काम. चालवणारे साहेब पुण्याचे, इंजिनिअर. मला मास्तर म्हणायचे.

त्या वर्षी एका कंपनीनं चार पंख्यांची जुनी मोठी विमानं घेतली होती, कमी भाड्यात लोकांना विलायतेला नेण्यासाठी. आतल्या ऐसपैस खुर्च्या काढून जास्त माणसं बसवायची होती. त्यातल्या पहिल्या विमानाच्या साठावर खुर्च्या आम्ही केल्या. दुसऱ्याच्या खुर्च्या चालू होत्या, तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं की लोक कुरकुरतात, अंग दुखतं म्हणतात, जेटमध्ये बरं वाटतं म्हणतात.

साहेबांनी मला बोलावलं. "मास्तर, पासपोर्ट काढा. जेटनं लंडनला जायचं, आपल्या विमानानं परत यायचं. मी बरोबर असेनच. दोन्हीकडे स्वस्त वर्गात बसायचं आणि कुठं काय दुखतं ते मला सांगायचं."

"मी कशाला साहेब? तुम्हीच बसा की."

"माझं बूड सरकारी खुर्च्यांवर पंधरा वर्षं बसून बधिर झालंय. तुमचं अजून हुशार आहे."

सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो. 

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर म्हणतील घाबरला."

"मग घाबरला नाहीत का?"

मी कात्री काढली. स्वतःसाठी करड्या कापडाचा कोट शिवायला घेतला. कोटाच्या पट्टीत नेहमीसारखी सुई टोचली, दोऱ्यासकट. शिंप्याची सुई घरी राहत नाही.

मुंबईहून जेट उडालं तेव्हा मी डोळे मिटून खुर्चीचे हात धरले होते. साहेब म्हणाले, "मास्तर, हात सोडा, त्यांनी ते तुमच्यासाठीच ठेवलेत, पण उपटून नेऊ नका."

पण खुर्चीचं सांगतो. भीती असली तरी धंद्याचा हात गप्प बसत नाही. जेटची खुर्ची रोडावलेली. रबरी फोमची गादी, पातळ, ताणून शिवलेली. पहिला तास मऊ लागते, तिसऱ्या तासाला खालची लोखंडी चौकट हाडाला हाक मारते. पुढची रांग इतकी जवळ की गुडघ्यानं पुढच्याच्या पाठीशी ओळख होते. पाठ टेकवायला जागा ठीक, मान मात्र लोंबते. पण थरथर नाही. कपात चहा ओतला तर चहावर सुरकुती नाही. आणि वेळ कमी. अवघडायला लागेतो कुठंतरी उतरतंच. साहेबांना मी एवढं सांगितलं, त्यांनी इंग्रजीत लिहून घेतलं.

"आणि पट्टा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी मांडीवरचा पट्टा चाचपत खुर्चीच्या कडेला, जिथं तो लोखंडी कडीतून दुमडून शिवलेला असतो, तिथं बोट घातलं. चौकोन आणि मधे फुली, मशीनची दाट शिवण. बोटाला ती फुली लागली आणि माझा हात तिथंच थांबला.

चार महिन्यांपूर्वीचा शनिवार आठवला. पहिल्या विमानाचे सगळे पट्टे झाले होते. शेवटच्या खुर्चीचा डावा पट्टा कडीत दुमडला आणि माझ्या हातानं त्याला पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घातला. कंपनीचा माणूस सोमवारी बघायला येणार होता. त्याच्यासमोर पक्का करू, असं मनात होतं. म्हणजे तसं ठरवलंही नव्हतं. हातानं केलं.

सोमवारी मेव्हण्याचं लग्न होतं. दोन दिवस रजा. बुधवारी आलो तर फळी रिकामी. सगळं बसवून विमान गेलेलं. तपासणारा दहातला एक पट्टा ओढून बघायचा. बाजूच्या मशीनवरच्या माणसाला मी विचारलं, "झालं का सगळं?" तो म्हणाला, "एल्ला आयितु अण्णा." सगळं झालं.

पुढं विचारायला हवं होतं, माझा शेवटचा पट्टा कुणी पक्का केला? पण असं विचारणं म्हणजे मी कच्चा ठेवला होता हे कबूल करणं. वर्कशॉपमध्ये बाकीच्यांची शिवण मी उसवायचो, तीही सगळ्यांसमोर. माझी कुणी उसवलेली नव्हती. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि मशीनवर बसलो. केला असेल कुणीतरी पक्का, असं चार महिने मनाला सांगत राहिलो. त्या चार महिन्यांत ते विमान किती वेळा गेलं आणि आलं असेल.

जेटमध्ये मला दरदरून घाम सुटला. साहेबांना वाटलं उंचीमुळे. त्यांनी लिंबाची गोळी दिली.

लंडनमधले चार दिवस मला आठवत नाहीत म्हटलं तरी चालेल. साहेब खुर्च्यांच्या कारखान्यात न्यायचे आणि मी मान हलवायचो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, विमानात आधी बघू, पट्टा पक्का असला तर उगाच अब्रू का घालवा? सांगितलं तर माझी नोकरी जाणार होती, ते एक. त्याहून मोठं हे, की 'मास्तरांची शिवण' म्हणून जी गोष्ट होती ती जाणार होती. आणि नाही सांगितलं, तर कुणीतरी त्या खुर्चीवर बसून कच्च्या टाक्याच्या भरवशावर आकाशात जाणार होतं.

आमचं विमान दिसलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याच खोळी, निळ्या, कडेला पांढरी किनार. आत चढताना बायका म्हणत होत्या, छान आहे. मी खुर्च्यांकडे बघत होतो ते माणूस सापांच्या टोपल्यांकडे बघतो तसं.

साहेबांना म्हटलं, "लोकांना विचारत फिरू का? कुणाला कुठं दुखतं ते?"

ते खूश झाले. "उत्तम! प्रत्येक खुर्चीला विचारा."

शेवटी शिवलेली खुर्ची कुठल्या रांगेत बसवली ते मला ठाऊक नव्हतं, तर मी विचारत फिरलो. तोंडानं विचारायचं, वाकून खोळ नीट करायचं नाटक करायचं आणि बोट पट्ट्याच्या मुळाशी न्यायचं. फुली लागली की पुढं. एक गोरा म्हातारा माझ्या हाताकडे संशयानं बघायला लागला तेव्हा साहेबांनी काहीतरी सांगून त्याला हसवलं. मधे दोन ठिकाणी विमान उतरलं, लोक पाय मोकळे करायला खाली गेले, तेव्हा रिकाम्या खुर्च्या भराभर तपासल्या. प्रत्येक फुलीला जरा बरं वाटायचं आणि जरा वाईट. उरलेल्या खुर्च्या कमी होत होत्या.

शेवटच्या टप्प्याला, आखाताहून मुंबईकडे निघालो तेव्हा, एक खुर्ची उरली होती. मागून तिसरी रांग, खिडकी. तिच्यावर एक म्हातारी बसलेली. नऊवारीसारखं नेसलेलं काठाचं लुगडं, कपाळाला कुंकू, पायात मुलाचे लोकरी मोजे. लंडनपासून ती एकदाही उठली नव्हती. उतरायच्या ठिकाणीही नाही. गुडघे दुखतात म्हणून विमानातल्या मुलींनी तिला बसू दिलं होतं. पट्टा तिनं असा आवळला होता की पोटाला घडी पडली होती, आणि दोन्ही हात वर ठेवून ती त्याला धरून होती.

मी कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, कम्फर्ट कसं आहे?"

कन्नड ऐकून तिचा चेहरा उघडला. "अय्यो, आपल्याकडचा! कुठला रे तू?"

"चिक्कपेट."

"मी मल्लेश्वरम. बस रे बस. खुर्ची चांगली आहे. माझ्या मुलाच्या घरच्या सोफ्यापेक्षा चांगली. पण हे थरथरतं फार. दोन दिवस माझे दात एकमेकांशी भांडतायत."

हे खरं होतं, आणि आमच्या विमानाचं एवढंच सांगायचं राहिलं होतं. खाली काथ्या, वर कापूस आणि त्यावर पातळ फोम, अशी माझी गादी बसायला जेटहून शंभर पटीनं बरी. गुडघ्याला जागा होती, मानेलाही उशी होती. पण चार पंख्यांची थरथर गादीतून हाडात शिरायची आणि प्रवास दुप्पट. माझी खुर्ची चांगली, तिच्याखालचं वाहन वाईट. हे साहेबांना अजून सांगितलं नव्हतं.

"अज्जी, स्वल्प उठता का? पट्टा बघायचाय."

"नाही."

"एकच मिनिट."

"माझ्या मुलानं बजावलंय, अम्मा, जमिनीला चाक लागेपर्यंत हा सोडायचा नाही. तो डॉक्टर आहे. तू कोण?"

मी कोण. तेच तर सांगायचं नव्हतं. मी वाकलो आणि तिच्या डाव्या बाजूनं, खोळीच्या झालरीखाली बोट घातलं. चौकोन नव्हता. फुली नव्हती. लांब लांब धावदोरा होता, सैल, दोन टाके आधीच तुटलेले. झालर वर करून पाहिलं. पांढरा दोरा होता. वडिलांच्या दुकानाचा पांढरा दोरा, समुद्रावर, तीन-चार मैल उंच.

 तेवढ्यात वरची खूण पेटली की सगळ्यांनी पट्टे बांधा. खिडकीतून पुढं काळ्या ढगांची भिंत दिसत होती. विमान एकदा हललं, साधंच, रस्त्यावरच्या खड्ड्यासारखं. म्हातारीनं पट्टा आणखी घट्ट ओढला आणि मला तिच्या कमरेशी आणखी एक टाका सुटलेला ऐकू आला. विमानाच्या त्या आवाजात ऐकू येणं शक्य नाही, लोक म्हणतील. मला ऐकू आला.

"अज्जी," मी तिच्या कानाशी म्हटलं. "हा पट्टा मी शिवलाय. कच्चा आहे. माझी चूक. उठा, माझ्या जागेवर चला, तिथला पक्का आहे. मी बघितलाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. घाबरली असेल असं वाटलं, पण ती रागावली. "लंडनपासून मी याला देवासारखी धरून बसलेय!"

"हो."

"आणि तू हिंडत होतास, कम्फर्ट कम्फर्ट करत!"

"हो अज्जी. उठा."

तिनं पट्टा सोडला. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग या खुर्चीवर तू बस. दुसऱ्या कुणाला बसवू नकोस."

विमानातली मुलगी ओरडत होती, बसा, बसा. मी म्हातारीला साहेबांच्या शेजारी बसवलं, पट्टा बांधला, फुलीवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. साहेब म्हणाले, "काय झालं?"

"त्यांना तिथं दुखतंय," मी म्हटलं. आयुष्यात खोटं कमी बोललोय, त्यातलं ते एक.

मी मागं आलो, तिच्या खुर्चीवर बसलो, कोटाच्या पट्टीतली सुई काढली.  पट्टा नायलॉनचा, जाड, आणि माझी सुई कोटाची. पहिला टाका कसाबसा गेला. दुसऱ्याला सुई मोडली. अर्धी पट्ट्यात राहिली, अर्धी माझ्या बोटात. मग विमान खाली गेलं.

खाली म्हणजे मी आजवर कुणाला नीट सांगू शकलो नाही. आड खणताना दोर तुटावा तसं. पोट वर, बाकी सगळं खाली. पट्ट्यानं एक क्षण मला धरलं आणि मग टर्रकन डावं टोक हातात आलं. माझं डोकं वरच्या सामानाच्या फळीवर आदळलं आणि मी दोन खुर्च्यांच्या मधे पडलो. तिथंच खुर्चीच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. भुवईवरून रक्त डोळ्यात येत होतं. मला देव आठवला नाही, बायको आठवली नाही. एकच डोक्यात होतं. त्या फळीवर माझं डोकं आपटलं, अज्जीचं आपटलं असतं. तिची हाडं माझ्यासारखी नव्हती.

ढग मागं पडले. विमान पुन्हा साधं थरथरायला लागलं. मुलीनं येऊन मला उठवलं, कापूस लावला, पट्टा का नाही बांधला म्हणून ओरडली. मी तुटलेलं टोक मुठीत लपवलं होतं. तिथल्या तिथं उजवा अर्धाही कडीसकट सोडवला आणि दोन्ही कोटात घातले. ज्या खुर्चीला पट्टा नाही तिच्यावर निदान कुणी बसवणार नाही.

मुंबईला उतरल्यावर साहेब सामानाला गेले. अज्जीला न्यायला तिचा भाऊ येणार होता, त्याची वाट बघत ती बाकावर बसली होती. मी जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्या कपाळाची पट्टी बघितली.

"दुखतंय?"

"स्वल्प."

"दुखू दे." मग म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. मुलालाही नाही. तो पुन्हा मला विमानात बसू देणार नाही. तूच सांग."

"सांगतो."

"कधी?"

"उद्या."

"लंडनलाही उद्याच म्हणाला असशील," ती म्हणाली. म्हातारी हुशार होती.

संध्याकाळच्या विमानानं बेंगळूर. साहेब शेजारी जेट आणि पंख्याचं तोलत होते, काथ्या, फोम, गुडघे. मी हो हो म्हणत होतो. कोटाच्या आत पट्ट्याची कडी बरगडीला टोचत होती. घरी बायकोनं कपाळ बघितलं, पट्टी बदलली आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाच सांगून मोकळा झालो असतो आणि सकाळी हिंमत उरली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी वर्कशॉपला गेलो. दुसऱ्या विमानाचे पट्टे फळीवर रचून तयार होते, मी नसताना इतरांनी पुरे केलेले, आणि जायच्या आधीचे माझे. साहेब आले तसा त्यांच्या टेबलावर तो तुटका पट्टा ठेवला, पांढरा दोरा वर दिसेल असा, मोडकी सुई तशीच रुतलेली. रजेपासून अज्जीपर्यंत सगळं सांगितलं, बाकीचे ऐकतील एवढ्या आवाजात. बाजूच्या मशीनवरचा माणूस, एल्ला आयितु म्हणणारा, खाली बघत होता. त्याचा काही दोष नव्हता, तेही सांगितलं.

साहेबांनी पट्टा उचलला, दोऱ्याला नख लावलं.  मग म्हणाले, "त्या विमानासाठी कंपनीला तार मी करतो. तुमचं नंतर बघू. मास्तर, या फळीवरच्यांचं काय?"

मी कोट काढला. फळीवरचा पहिला पट्टा घेतला, त्याची कडी छपराच्या तुळईवरून खाली सोडलेल्या लोखंडी आकड्याला अडकवली, दुसरं टोक मनगटाला दोन वेढे देऊन पाय वर घेतले आणि सगळ्यांसमोर पुऱ्या वजनानं लोंबकळलो. तो टिकला. मग दुसरा घेतला.